नाडी पाहिली नाही

डॉ. यशवंतराव पिंगळीकरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती बोलणी खाता खाता. वाराणसीतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या हृदयरोग वॉर्डात मी नवी सिस्टर म्हणून रुजू झाले होते. पहिल्याच सकाळी एका म्हाताऱ्याची नाडी मी पंधरा सेकंद मोजली, चारानं गुणली आणि आकडा लिहून मोकळी झाले. सगळे तसंच करतात. मागून आवाज आला, "सिस्टर, उरलेली पंचेचाळीस सेकंदं त्या माणसाची होती. ती कुणी खाल्ली?"

वळून बघते तर उंच, काटक, ताठ पाठीचे एक डॉक्टर उभे. वॉर्डात सगळा कारभार हिंदीत चालायचा. माझ्या छातीवरच्या पट्टीवर 'मालती देवगावकर' वाचून या गृहस्थांनी मराठी काढलं होतं, तेही रागवायला! "पुन्हा मोजा. पूर्ण एक मिनिट." मी मनातल्या मनात चरफडत मोजली. चाळीस सेकंदं होऊन गेल्यावर एक ठोका गळला, पन्नासच्या पुढे आणखी एक. मी आकडा खोडून नवा लिहिला. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

या गौरवग्रंथाच्या संपादकांचं मला पत्र आलं. डॉक्टरांच्या साठीनिमित्त दोन-तीन आठवणी लिहाव्यात, 'मजकूर शक्यतो प्रसन्न असावा'. संपादक महाशय, मला क्षमा करा. प्रसन्न लिहिणारे पुष्कळ निघतील, डॉक्टरांनी माणसंच इतकी जोडली आहेत. मला त्यांच्याबद्दल जे ठाऊक आहे ते प्रसन्न नाही. त्यात एका विद्वान माणसाचा उजवा हात गेला आहे आणि त्या जाण्यात माझा वाटा आहे. आठ वर्षं ही गोष्ट त्या माणसाला सांगायचं मी टाळत आले. त्यांच्या आधी छापखान्याला सांगणं बरं नव्हे, म्हणून परवा रामघाटावर जाऊन सांगून आले आणि मग लिहायला बसले.

डॉक्टर मूळचे रामघाटाच्याच गल्लीतले. बाहेर शिकून ते मुद्दाम काशीला परत आले. त्यांच्या आधी आमच्याकडे अँजिओग्राफी म्हटलं की रोग्याला रेल्वेत घालून दुसऱ्या शहरी न्यावं लागायचं. बारीक पोकळ नळी जांघेतल्या किंवा हाताच्या धमनीतून हृदयापर्यंत सरकवायची, तिच्यातून औषध सोडायचं आणि कुठली रक्तवाहिनी तुंबली आहे ते पडद्यावर बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. शिशाचा जड अंगरखा घालून तासन्‌तास उभं राहावं लागतं. डॉक्टरांच्या पाठीनं त्याची किंमत मोजली, आज त्यांना धड वाकता येत नाही. सगळ्यांना माहीत असलेली आणखी एक गोष्ट सांगते. पौषातल्या थंडीत रोग्याला शिवण्याआधी डॉक्टर चहाच्या ग्लासाभोवती दोन्ही हात धरून बसायचे. चहा प्यायचे नाहीत. हात ऊबदार झाले की उठायचे आणि ग्लास आमच्या आयाबाईला द्यायचे. ती म्हणायची, "हमार डागदर साहेब चाय हाथ से पीयेलन."

तर अण्णागुरुजी निफाडकर. रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेचे ते मुख्य गुरुजी. त्यांच्या शाखेत वेद नुसता तोंडानं म्हणत नाहीत, उजव्या हातानंही म्हणतात. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, अमक्या अक्षराला अमकं बोट. शिष्य गुरुजींच्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघतात. आमच्या घरच्या मुंजी, लग्नं सगळी त्यांच्याच हातची. माझे वडील रेल्वेत कारकून होते आणि कुणाला भिणारे नव्हते, पण गुरुजी दारात आले की त्यांच्यासमोर मोठ्यानं खोकायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

गुरुजींना घाटाच्या पायऱ्या चढताना छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायची ठरवली आणि तपासणीनंतर पाय सरळ ठेवून, जांघेवर वाळूची पिशवी घेऊन सकाळपर्यंत उताणं पडावं लागेल असं सांगितलं. गुरुजी उखडले. "यशवंत, आणि लघुशंका? पडल्यापडल्या भांड्यात? आणि संध्या? मुंज झाल्यापासून एक संध्या चुकलेली नाही, ज्वरातसुद्धा नाही. त्यापेक्षा छाती दुखलेली बरी, बाबा. हे झंझट मला नको."

डॉक्टरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. मग गुरुजींनीच विचारलं, दुसरी काही वाट नाही का? वाट होती. कोपरापाशी छोटा छेद घेऊन हाताच्या धमनीतून जाता येत होतं. मग माणूस दोन तासांत उठून बसतो. डॉक्टरांचा हात बसलेला होता तो पायाच्या वाटेवर. हाताची वाट त्यांनी क्वचितच वापरली होती. पण लहानपणी ज्यांच्या पाया पडलो त्यांना नाही कसं म्हणायचं? ते हो म्हणाले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. नळी त्या काळी बहुतेक रोग्याच्या उजव्याच हातातून घालत, तशी ती उजव्या हातातून घातली गेली. डावा चालेल का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. ज्या माणसाचा अर्धा वेद उजव्या हातात आहे, त्यालासुद्धा सुचला नाही.

तपासणी सकाळी अकराच्या सुमारास झाली, ठीक झाली. शिवलेल्या धमनीवर पट्टी बांधून डॉक्टरांनी स्वतः मनगटाची नाडी पाहिली, पूर्ण एक मिनिट, आणि गुरुजींना माझ्या ताब्यात दिलं. "मालतीबाई, दर अर्ध्या तासानं मनगट बघायचं. जरा जरी नाडी मंद वाटली, हात गार वाटला, तर मी कुठेही असलो तरी बोलवायचं." मी बारा, साडेबारा, एक आणि दीड वाजता नाडी पाहिली. होती. चार्टवर चार बरोबरच्या खुणा केल्या. त्या चार खऱ्या आहेत.

दोनच्या आधी गुरुजी उठले. अंग पुसून घेतलं, त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, घरून आणलेला सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसले आणि खाटेशेजारी चटई टाकून दुपारच्या संध्येला बसले. दोन वाजता मी हात पुढे केला तसे त्यांनी आपला हात मागे घेतला. "अगं, तू देवगावकरांची मालती ना? तुला सोवळं शिकवायला पाहिजे का? सकाळपासून वीस जणांना शिवलीस. आता संध्याकाळची संध्या होईस्तोवर मी सोवळ्यातच आहे. शिवू नकोस."

"गुरुजी, डॉक्टरांची ऑर्डर आहे."

"हात माझा आहे. मला कळत नाही होय? ठीक आहे हात."

वॉर्डात शिपायापासून मोठ्या साहेबापर्यंत कुणालाही फाडफाड बोलणारी मी, त्या एका माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटली. डॉक्टरांना फोन करता आला असता. ते दुसऱ्या रोग्यात गुंतले होते, आणि फोन करून सांगायचं काय? गुरुजी हात लावू देत नाहीत म्हणून? डॉक्टर माझ्यावरच डाफरतील असं वाटलं. मग मी सोपं केलं. चार्टवर खूण केली. अडीचला पुन्हा लांबूनच विचारलं, "बरं आहे ना गुरुजी?" "बरं आहे." खूण. तीनला खूण. असं करत सहापर्यंत. बोटं पांढरट दिसत होती, पण गोऱ्या माणसाची बोटं पांढरी दिसणारच, अशी मी मनाची समजूत घातली. अहो, मी न शिवता नाडी लिहीत होते! पंधरा सेकंदांवरून बोलणी खाल्लेली मी.

संध्याकाळच्या संध्येला काकू शेजारी बसल्या होत्या. आचमनाला उजव्या तळव्यात घेतलेलं पाणी बोटांमधून गळून जायला लागलं. एकदा, दोनदा, तीनदा. काकू म्हणाल्या, "अहो, हाताची पळी का होत नाही तुमची?" गुरुजी म्हणाले, पट्टी घट्ट आहे. त्याच वेळी डॉक्टर दारातून आत आले. त्यांनी तळव्याखाली सांडलेलं पाणी पाहिलं, सोवळं-ओवळं न विचारता खाली बसले आणि हात धरला. मला त्यांचा चेहरा दिसला आणि मी समजले.

आतून धमनीच्या अस्तराला इजा झाली होती आणि तिथे रक्ताची गुठळी धरली होती. कधी धरली ते कुणालाच सांगता येणार नाही, दीडनंतर कधीतरी. शस्त्रक्रिया करून गुठळी काढली, धमनी दुरुस्त केली. हात कापावा लागला नाही. पण रक्तावाचून राहिलेले दंडाखालचे स्नायू मेले ते मेलेच. पुढे महिनाभर जखमा, सूज, कातडीचे तुकडे लावणं. शेवटी उरला तो आत वळलेल्या बोटांचा, मनगटात न उचलणारा एक हात. गुरुजी पाठशाळेच्या आसनावर पुन्हा बसले नाहीत. डाव्या हातानं स्वर दाखवायचा नसतो, आणि हाताशिवाय शिकवणं त्यांना मान्य नव्हतं.

आता डॉक्टरांबद्दल. शस्त्रक्रियेला नेण्याआधी त्यांनी काकूंना आणि गुरुजींच्या मुलाला व्हरांड्यात बोलावलं. सहकारी डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, हे कुणाच्याही हातून होतं, पुस्तकात लिहिलंय, तसंच सांगा." डॉक्टरांनी सांगितलं ते असं: "माझ्या हातून धमनीला इजा झाली. असं होऊ शकतं हे मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. आणि आम्हाला ते उशिरा कळलं."

मुलगा बँकेत नोकरीला, हुशार. त्यानं लगेच विचारलं, "उशिरा का?"

"वॉर्ड माझा आहे," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्या मागे चार हातांवर चार्ट छातीशी धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. चार्ट टेबलावर होता. "दोननंतर मनगटाला हात लावला होता?" मी म्हटलं, हो. खोटं बोलले. देवाशप्पथ सांगते, तोंडातून आपोआप निघालं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग हाताला काय लागलं ते सांगा. मनगट ऊबदार होतं? गार होतं?" मी रडायला लागले. "रडायचं ते घरी, मालतीबाई. आधी पेन घ्या." त्यांनी मला एकेका खुणेवर एकच सरळ रेघ मारायला लावली, खालचं दिसेल अशी, आणि प्रत्येकीपुढे लिहायला लावलं: नाडी पाहिली नाही. नऊ वेळा. खाली सही.

चौकशी समितीपुढे तो कागद गेला. माझी नोकरी जाणार हे धरूनच मी चालले होते. डॉक्टरांनी समितीला सांगितलं, रोग्यानं नकार दिला तर काय करायचं हे मी सिस्टरला सांगितलं नव्हतं, आणि सहा-सात तास मी स्वतः फिरकलो नाही. मला लेखी समज मिळाली. डॉक्टरांकडे येणारं विभागप्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी आजतागायत एक अक्षर ऐकलेलं नाही.

त्यानंतर आमच्या वॉर्डात त्यांनी एक पद्धत घातली, ती आजही चालू आहे. चार्टवर प्रत्येक खुणेच्या जागी 'पाहिली नाही' असंही लिहिता येतं. ते लिहिणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही, फक्त तिथे धावत जाऊन बघायचं. शिक्षा खोट्या खुणेला. नव्या मुलींना ही पद्धत मी शिकवते. का, ते मात्र सांगत नसे.

चार्टवर रेघा मारल्या त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतून निघताना मी विचारलं होतं, "गुरुजींना सांगणार का, माझ्यामुळे उशीर झाला म्हणून?" डॉक्टर म्हणाले, "त्यांनी विचारलं तर लपवणार नाही. पण तुमची कबुली मी देणार नाही. ती तुमची आहे." गुरुजींनी कधी विचारलं नाही. आणि मी? मी आठ वर्षं रामघाट टाळून पंचगंगा घाटाच्या बाजूनं लांबचा वळसा घेत राहिले.

डॉक्टर मात्र दर रविवारी सकाळी गुरुजींकडे जात राहिले. कोमट पाण्याचं घमेलं, तिळाचं तेल, आणि एकेक बोट धरून हळूहळू उलगडायचं. पहिलं वर्षभर गुरुजी त्यांच्याशी बोलले नाहीत. तोंड भिंतीकडे करायचे आणि हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पुढे टाकायचे. काकू मला बाजारात भेटल्या की सांगायच्या आणि मी भाजी निवडण्यात गुंतल्यासारखं करायची. एका रविवारी डॉक्टरांना यायला उशीर झाला. येऊन बघतात तर गुरुजी हात पाण्यात घालून वाट बघत बसले होते. "पाणी निवतंय," एवढंच म्हणाले. वर्षानंतरचे पहिले शब्द. त्या व्यायामानं बोटं फार सुधारली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. तरी रविवार चुकला नाही.

परवा मी गेले. गुरुजी ओसरीवर संध्येच्या तयारीत होते, अंगावर मुकटा. खूप वाळले आहेत. मी लांबूनच नमस्कार केला आणि उभ्या उभ्या एका दमात सांगून टाकलं. दोननंतर मी तुमच्या हाताला शिवले नव्हते, खोट्या खुणा केल्या, मी नाडी पाहिली असती तर हात वाचला असता, डॉक्टरांनी माझं नाव घेतलं नाही.

गुरुजींनी हातातली पळी ताम्हनात ठेवली. मग म्हणाले, "मालती, मनगट कुणाचं होतं?"

"तुमचं."

"मग त्याला कुणी शिवलं नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? वेडे, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ओढून घेतला. "बोटं तिसऱ्या प्रहरीच बधिर झाली होती. मला कळलं होतं. म्हटलं, संध्या होऊ दे, मग सांगू. आणि तुला म्हणालो, हात ठीक आहे. यशवंतानं सगळं आपल्या अंगावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. वर्षभर तोंड फिरवून बसलो ते त्याच्यावर रागावलो म्हणून नव्हे गं. कोणत्या तोंडानं बघणार होतो त्याच्याकडे?"

काकू दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. आठ वर्षं तिघं तीन ठिकाणी एकच ओझं वाहत होतो, आणि त्यातले दोघे दर रविवारी समोरासमोर बसत होते!

मग गुरुजींनी उजवा हात पुढे केला. मी मागे सरले. "गुरुजी, तुम्ही सोवळ्यात आहात."

"शिव," ते म्हणाले. "बघ."

मी खाली बसले आणि वळलेल्या बोटांखालचं मनगट धरलं. गार होतं. नाडी सापडायला वेळ लागला. अगदी बारीक, पण होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी मोजली. पूर्ण एक मिनिट.

"यशवंताच्या साठीच्या शांतीला मी येणार आहे," हात मागे घेत गुरुजी म्हणाले. "आशीर्वादाचे मंत्र मीच म्हणेन, हातासकट. चुकला तर चुकला. पण माझा हात छातीच्या वर जात नाही. त्याला निरोप सांग, डोकं त्यानं खाली आणावं."

डॉक्टर, तो निरोप मी इथेच देते. तुमच्या समोर उभं राहून तो माझ्याच्यानं सांगवणार नाही. तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळो, तुमचे हात शेवटपर्यंत ऊबदार राहोत आणि नव्या मुलींना तुमची बोलणी अशीच पुष्कळ वर्षं खायला मिळोत, ही त्या काशीविश्वेश्वरापाशी प्रार्थना. तुमच्या पाठीचं दुखणं मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी, जमेल तितकं, वाका.